रेघेचं लोंबतं टोक

पटलं नाही तर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे, आणि ज्या घरात घडलं तिथे मी दोनदा जेवून आलोय.

ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा मावसभाऊ. तो खोटं बोलत नाही. खोटं बोलायला कल्पनाशक्ती लागते, आणि ती वाटताना देवाने त्याच्यापुरता हात आखडता घेतला. उंच, सरळ आणि कुठेही न वाकणारा, म्हणून घरात त्याला सगळे फूटपट्टी म्हणतात. बायकोसुद्धा.

ती थंडीतली एक संध्याकाळ होती. रात्र नव्हे. रस्त्यावर माणसं होती, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. भुताखेतांनी अशा वेळी येऊ नये असा एक संकेत आहे. तो पाळला गेला नाही.

जागा म्हणजे फूटपट्टीच्या ताईचं घर. शेतीवर जगणारं लहानसं गाव. एक बाजारपेठ, एक सिनेमागृह, तेही बंद, आणि गिऱ्हाइकांपेक्षा जास्त खतांची दुकानं. त्यातलं एक भावजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं. घर गावाच्या अगदी कडेला. समोर रस्ता आणि त्यापलीकडे शेतं. मागे मोकळी पट्टी, मग ओढा.

त्या घरात रोज दिवेलागणीला...

पावलं वाजायची.

पुढच्या दारातून आत. स्वयंपाकघरातून सरळ. मागच्या दाराने बाहेर, ओढ्याच्या दिशेने.

दमलेल्या माणसांची पावलं. अधूनमधून कुदळ दाराला घासल्यासारखा आवाज.

दिसायचं कुणीच नाही.

ताईने याची कधी तक्रार केली नाही. त्या वेळी ती दोन्ही दारं उघडी ठेवायची, बस. "येतात, जातात," ती म्हणायची. "चहासुद्धा मागत नाहीत. तुझ्या भावजींच्या पाहुण्यांपेक्षा बरे."

"थंडीत लाकूड आकसतं, ताई," फूटपट्टी म्हणायचा. "त्याचा आवाज आहे तो."

"आकसू दे. तू जेव."

फूटपट्टीची नोकरी नकाशांच्या कचेरीत. शाळेत भूगोलाच्या पेपरात ज्यांनी आपले मार्क खाल्ले, ते स्थलदर्शक नकाशे. डोंगराच्या गोल गोल समोच्च रेषा, ओढे, विहिरी, वाटा. जुनी पानं संगणकावर घ्यायची आणि त्यांवरून नव्याने रेघा गिरवायच्या, हे त्याचं काम. एके दिवशी ताईच्याच गावाची पानं त्याच्या टेबलावर आली.

सगळ्यात जुन्या पानावर ओढ्यापलीकडे एक वस्ती होती. छोटे काळे चौकोन, दाटीवाटीने. शेतांकडून निघालेली पायवाट, म्हणजे एक तुटक रेघ, थेट त्या वस्तीत जात होती.

त्यानंतरच्या पानावर वस्ती नव्हती. चौकोन नाहीत, पडकी घरं नाहीत, काहीच नाही. कोरा कागद.

पायवाट मात्र होती. तशीच, त्याच जागी जाणारी.

आता मोजणीचा साधा नियम आहे. पायवाट चालती असेल तरच काढायची. म्हणजे वस्ती गेल्यावर इतक्या वर्षांनी आलेल्या मोजणीदाराने तिथे कुणालातरी रोज चालताना पाहिलं होतं... किंवा ऐकलं होतं.

त्या पानावर ताईचं घर नव्हतं. ते नंतर बांधलेलं. फूटपट्टीने ते आपल्या जागी बसवलं. तुटक रेघ त्याच्या पुढच्या दारातून शिरून मागच्या दाराने बाहेर पडत होती.

त्याच्या अंगावर काटा वगैरे आला नाही. त्याने ताईला फोन करून एवढंच सांगितलं की लाकडाचं मी मागे घेतो.

याच सुमाराला आई पडली. फूटपट्टीची आई, माझी मावशी. ती ताईकडे वरच्या मजल्यावर राहायची. कमरेखालचं बळ गेलं, जिना बंद झाला. खाली एक खोली काढायची, तर जागा फक्त मागच्या मोकळ्या पट्टीत. नकाशावर तिथून सार्वजनिक पायवाट जाते म्हणून बांधकामाची परवानगी मिळेना.

"अरे, तो नकाशा तुझ्याच टेबलावर आहे ना?" ताईने विचारलं.

"आहे."

"मग पूस की. आईपेक्षा रेघ मोठी झाली का?"

फूटपट्टी आयुष्यात पहिल्यांदा वाकली.

त्याने घरापासून ओढ्यापलीकडपर्यंतचा तुकडा पुसला. संगणकाने लगेच तक्रार केली. रेघेचं टोक असं मध्येच लोंबत ठेवता येत नाही, ते कशाला तरी टेकवावं लागतं. रस्त्याला, विहिरीला, इमारतीला.

जवळ होतं ते ताईचं घर.

त्याने पायवाट घरात संपवली. पान मंजूर झालं, खोली उभी राहिली. मागचं दार आता आईच्या खोलीत उघडत होतं, आणि त्यापुढे सलग भिंत.

आईला त्या खोलीत आणलं त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला.

"आज पावलं आत आली."

"मग?"

"मग काही नाही. तेच सांगतेय."

दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशीही. रोज आत... बाहेर एकही नाही.

खोलीत ओल्या मातीचा वास धरला. खिडकी उघडली तरी हवा कोंदट, गर्दीच्या हॉलसारखी. आई कुशीवर होऊन भिंतीला चिकटून झोपायला लागली. फूटपट्टी भेटायला गेला तेव्हा ती कुजबुजत म्हणाली, "बाळा, यांना जरा सरकायला सांग. मला पाय लांब करता येत नाहीत."

"कोणाला, आई?"

आईने त्याच्या खांद्यामागे पाहिलं आणि संकोचून गप्प बसली. पाहुण्यांसमोर घरचं बोलू नये तशी.

तिने ताट बाजूला सारलं. इतके जण बघत असताना घास उतरत नाही म्हणाली. आठवड्यात तिची मनगटं काडीसारखी झाली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस नाहीत.

फूटपट्टी साहेबांकडे गेला. "साहेब, माझ्या हातून एक पायवाट सुटलीय. पान परत उघडावं लागेल."

"मंजूर पान आहे ना ते?" साहेब म्हणाले. "मंजूर पानात चूक नसते. असलीच तर ती जमिनीत असेल, तिकडे जाऊन बघा."

साहेबांनी हे टाळायला म्हणून सांगितलं होतं. फूटपट्टीने ते आदेश म्हणून घेतलं आणि त्याच दुपारी ताईचं घर गाठलं.

त्याने जुन्या पानाची प्रत आईच्या खोलीत पसरली आणि मागच्या भिंतीवर खडूने खूण केली. रेघ जिथून जायची, नेमकी तिथे. भावजींनी पहार आणली. एरवी ते घरातला खिळाही दुसऱ्याकडून ठोकून घेतात. त्या दिवशी पहिला घाव त्यांनीच घातला.

दिवेलागणीपर्यंत भिंतीत माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं. ताई आईच्या उशाशी बसली. हे दोघे भगदाडाच्या दोन बाजूंना उभे राहिले.

आधी काहीच नाही.

मग खोलीच्या कोपऱ्यात... कुणीतरी पाय हलवला.

पहिलं पाऊल फूटपट्टीच्या शेजारून बाहेर गेलं. त्याच्या हाताला गार वारा लागला. मग दुसरं. मग रांगच लागली. जड पावलं, अनवाणी पावलं, लहान मुलांची धावती पावलं. बाहेरचा उजेड गेला. पंक्चरवाला दुकान बंद करून घरी गेला. पावलं अजून जातच होती.

मग थांबली. खोली हलकी झाली. भावजींनी कपाळ पुसलं.

आणि तेव्हा... शेवटचं कुणीतरी निघालं.

हळू. एक पाय टेकवून, दुसरा फरफटत.

ती चाल फूटपट्टीला ओळखायला वेळ लागला नाही. पडण्याआधीची शेवटची काही वर्षं आई अशीच चालायची.

त्याने वळून पाहिलं. आई पलंगावरच होती. डोळे उघडे, श्वास चालू. आणि पाय... मस्तपैकी लांब केलेले.

"आई."

तिने त्याच्याकडे पाहिलं. स्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं, तसं.

सकाळी भावजींनी कुणाला न विचारता भगदाड विटांनी बुजवलं.

आई आता जेवते. तब्येत सुधारलीय. डॉक्टर खूश आहेत. बोलत मात्र नाही, ओळखत कुणालाच नाही. वयाने होतं असं, ते म्हणतात.

घरातली पावलं बंद झाली ती झालीच.

फक्त दिवेलागणीला, भिंतीच्या बाहेरून, ओढ्याकडून... एक पाय टेकतो, दुसरा फरफटतो. आवाज भिंतीशी येऊन थांबतो. मग विटांवरून तळहात फिरल्यासारखी सळसळ होते. आधी खाली, मग वर. दार चाचपतात तशी.

ताई म्हणते, भिंत पाडा. माझी आई थंडीत बाहेर उभी आहे.

भावजी म्हणतात, पाडतो. पण तिच्या मागे कोण उभं आहे, ते आधी कुणीतरी बघून सांगा.

दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. फूटपट्टी दर शनिवारी जातो, भिंतीला कान लावून बसतो आणि काहीही न ठरवता परत येतो. परवा माझ्याकडे आला होता. तू असतास तर काय केलं असतंस, म्हणाला. मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

"या शनिवारी आईने भिंतीवर थाप मारली," तो म्हणाला.

"एकदाच?"

"तिने एकदाच."

त्याने कप तसाच खाली ठेवला.

"बाकीच्या मी मोजल्या नाहीत."