एक वीत टाइल

"यातला एक रिपोर्ट खोटा आहे," आलेल्या बाईने दोन कागद टेबलावर ठेवले. "तो कोणामुळे खोटा आला, तेवढं शोधून द्या."

वहिनींनी चष्मा लावला. विमा कंपनीत तीस वर्षं लोकांची रडगाणी खरी की खोटी ते तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता खासगी तपास करत. टेप आणि वही सांभाळायला त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, सोबत असत. भाऊजींना सगळं कळायचं, फक्त जरा उशिरा.

बाईची हकीकत सरळ होती. घरात चाळीस वर्षांपूर्वीच्या टाइल्स. दुरुस्ती काढली तेव्हा त्यांत ॲस्बेस्टॉस असेल, ज्याची धूळ फुप्फुसाला घातक, अशी शंका आली. सासऱ्यांनी तुकडा काढून पाकिटात घातला, ठेकेदाराने तो प्रयोगशाळेत नेऊन दिला. रिपोर्ट आला: नाही. मग टाइल्स उखडल्या आणि खालचा काळा गोंद मशीनने घासून काढला. तीन आठवडे घरभर धूळ होती आणि त्या धुळीत तिची दहा महिन्यांची मुलगी रांगत होती. पुढे नळ जोडायला आलेल्या प्लंबरने अंगणातला ढीग पाहून 'हे ॲस्बेस्टॉसच दिसतंय' म्हणत तोंड वाकडं केलं. त्या ढिगातला तुकडा तिने स्वतः नेऊन दिला. रिपोर्ट आला: आहे.

मुलीला तिने त्याच दिवशी माहेरी पोचवलं होतं.

"ठेकेदारानेच तुकडा बदलला," ती म्हणाली. "सासरे बिचारे पहिल्यापासून सांगत होते, उखडू नका, वरूनच नवी घाला. पण मग जमीन उंच होऊन दार घासलं असतं. मीच हट्ट धरला."

ठेकेदार चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. चिकटवलेलं पाकीट जसंच्या तसं दिलं, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. "बाई, त्या मशीनवर माझा सख्खा भाऊ होता. तोंडाला नुसता रुमाल बांधून. ठाऊक असतं तर त्याला उभा केला असता का?"

प्रयोगशाळेत पहिल्या तुकड्याचा उरलेला भाग जपून ठेवला होता. वहिनींनी तो उलटा करून पाहिला. पाठ कोरी, स्वच्छ होती. अंगणातल्या ढिगात मात्र प्रत्येक तुकड्याच्या पाठीला काळा गोंद होता. त्यांतली एक अख्खी टाइल भाऊजींनी मोजली. नऊ इंच, बरोबर एक वीत.

सासरे खाटेवर बसून होते. आयुष्यभर टाइल्स बसवण्याचं काम केलेले. उखडलेली जमीनही त्यांच्याच हातची. उशाशी खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या होत्या. दोन वर्षं सांगूनही ते छातीचा फोटो काढत नाहीत, अशी सुनेची तक्रार होती. माळ्यावर त्यांचं एक खोकं होतं. घर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी नवं न्हाणीघर केलं तेव्हाच्या उरलेल्या टाइल्स त्यात होत्या. भाऊजींनी त्याही मोजल्या. बारा इंच. एकीचा कोपरा तुटलेला. रंग तोच होता, त्यामुळे भाऊजींनी आकडा लिहिला आणि पुढचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी ठेकेदारालाही त्याच घराच्या पुढच्या खोलीत बोलावलं. जमीन आता नवी, चकचकीत होती.

"याने काही बदललं नाही," त्या म्हणाल्या. "जमिनीतून उचकटलेल्या टाइलला गोंद येतोच. पहिल्या तुकड्याला तो नव्हता, कारण तो कधी जमिनीवर बसलाच नव्हता. खोक्यातल्या त्या नंतरच्या, ॲस्बेस्टॉस नसलेल्या टाइलच्या तुटक्या कोपऱ्याला तो चपखल बसतो. काल टाइल प्रयोगशाळेत नेऊन जुळवून पाहिली मी. पाकीट भरलं ते एकाच माणसाने."

सून हसलीच. "बाबांनी? त्यांची काही गफलत झाली असेल."

"चाळीस वर्षं टाइल्स बसवणाऱ्याची? डोळे मिटून हात लावला तरी वीत आणि फूट यांतला फरक त्यांना कळेल."

सासरे मग खाली बघत बोलले.

"मी असल्या हजारो कापल्या. 'आहे' असं आलं असतं, तर हा खोकला कसला तेही कळलं असतं. ते मला ऐकायचं नव्हतं. वाटलं, वरून नवी घालतील, जुनी तशीच झाकलेली राहील. मग कोणालाच काही होत नाही."

"मशीन लागलं तेव्हा?" सून पुढे सरकली. "तेव्हा का नाही बोललात? ती तिथे रांगत होती, बाबा."

"बोलायचं तर तुकडा कुठला ते सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता काम संपलं."

ठेकेदार भावाला फोन लावायला बाहेर गेला आणि फोन न लावताच पायरीवर बसला.

"तिला होईलच असं नाही ना?" सुनेने विचारलं.

"होईलच असं नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि होणार नाही असं सांगणारा रिपोर्ट कुठेच मिळत नाही. वीस-तीस वर्षं वाट बघायची."

सून सासऱ्यांकडे बघत होती. राग यायला हवा होता, पण दाराचा हट्ट तिचाच होता आणि ते तिला विसरता येत नव्हतं. सासरे खोकत राहिले. पाणी द्यायला कोणी उठलं नाही.

भाऊजींना आता सगळं कळलं होतं आणि पहिल्यांदाच वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं. निघताना त्यांनी हळूच दार ओढून घेतलं. ते कुठेही घासलं नाही.