गुळाच्या पाण्याखालचं विष

कस्तुरीचं डोकं नुसतं तापलं होतं. तिची हरणी गाय चार दिवस मान टाकून बसली होती, दूध पार आटलं होतं, आणि गोठ्यातला यंत्रमानव, ज्याला सगळे गोठेकर म्हणत, खुशाल शेण गोळा करत होता!

"तूच काहीतरी घातलंस तिला!" ती कडाडली.

"मी नाही, कस्तुरीताई. या कडब्यात विष आहे. तपासलाय मी."

"काहीतरीच! भिजून बुरशी आली होती, कबूल. पण आजोबांनी आणि मी तीन दिवस उन्हात वाळवला, झटकला. बघ, कसा खडखडीत आहे!"

"उन्हानं बुरशी मेली. पण मरण्याआधी तिनं कडब्यात कवकविष (बुरशीनं तयार केलेलं विष) सोडलं. ते दिसत नाही, उन्हानं जात नाही. ते यकृत (रक्तातलं विष निकामी करणारा अवयव) पोखरतं. दुधात उतरतं, आणि दूध उकळलं तरी तसंच राहतं."

"मग हरणीला वास नाही आला?"

"बुरशीचा आला होता. पहिल्या दिवशी तिनं तोंड फिरवलं."

कस्तुरीला तो दिवस आठवला. हरणी खाईना म्हणून तिनंच कडब्यावर गुळाचं पाणी शिंपडलं होतं. घरात सगळे तेच करत. बिचारीनं गोडाच्या नादात सगळा फस्त केला. कस्तुरीला स्वतःचा भयंकर संताप आला.

"आणि तू मूग गिळून बसलास?"

"आजोबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, माझा जन्म गोठ्यात गेला, तू मला शिकवू नकोस."

आजोबा दारातच होते. "माझंच चुकलं, पोरी," ते पुटपुटले.

"चुकलं म्हणून हरणी उठणार आहे का? औषध काय यावर?"

"नेमका उतारा नाही," गोठेकर म्हणाला. "गुरांचे डॉक्टर यकृतासाठी औषध देतील. हा कडबा आत्ता बंद केला, तर वाचेल कदाचित."

कस्तुरी पेंढ्या ओढून खड्ड्यात फेकू लागली. तेवढ्यात शेजारचे भिवानाना आले.

"अगं, फेकतेस कशाला? आमच्या म्हशीला दे. ती काहीही पचवते."

"काडीसुद्धा मिळणार नाही!" ती आडवी उभी राहिली. नाना फणकारून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी हरणी धडपडत उठली आणि तिनं ओल्या चाऱ्याचे दोन घास ओढले. कस्तुरीला रडूच फुटलं. पण स्वतःवरचा राग काही उतरला नव्हता. डोळे पुसत तिनं गोठेकरला ओढत नानांच्या गोठ्यात नेलं.

"नाना, माझ्यावर रागवा हवं तेवढं. पण तुमचाही कडबा त्याच पावसात भिजला होता. आधी याला तो तपासू दे."