लाइन गेली

फोन आला तेव्हा गझालाचा एक पाय दारव्ह्याच्या बसच्या पायरीवर होता.

"कुठं आहेस?" पलीकडे गौरी होती. रात्रभर रडून झाल्यावर माणसाचा आवाज होतो तसा तिचा आवाज झाला होता.

"स्टँडवर. दुकानात चालली. काहून?"

"सिग्नल पुन्हा पडलाय. एकच काडी दिसते. बारा वाजता शिफ्ट आहे, गझाला. आज लाइन गेली की माझी नोकरी गेली."

गझालाने पाय खाली घेतला. कंडक्टरने बेल मारली आणि बस तिला तिथेच सोडून निघून गेली. सव्वानऊ वाजले होते. हातात पावणेतीन तास होते.

गझाला दारव्ह्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. मोठा भाऊ मोईन इथेच, बोरी अरबमध्ये, वेल्डिंगचं दुकान चालवायचा. त्याच्या दुकानाची आणि गौरीच्या बैठकीची भिंत एकच. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या, तेव्हा बोलावणं आल्यावर ती जाणार यात नवल नव्हतं.

ते डिसेंबर २०१७ होतं. गुलाबी अळीने जिल्ह्यातली बोंडं आतून पोखरली होती आणि आख्खं गाव चेहरा पाडून हिंडत होतं. अशा वर्षी गौरीला नोकरी लागली होती. चौतीस अर्ज केले, त्यातला एक लागला. घरच्या कॉम्प्युटरवर बसून, कानाला हेडफोन लावून, पुण्याच्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. दुपारी बारा ते चार. अट एकच होती. पहिल्या महिन्यात चौथ्यांदा संपर्क तुटला की नमस्कार.

तीनदा तुटून झालं होतं.

गौरीचं घर आगगाडीच्या डब्यांसारखं. पुढे बैठक, मग मधली खोली, मग मागची खोली. इंटरनेटचं मोडेम बैठकीत, कॉम्प्युटर मागे. मधल्या खोलीत दिवाळीपासून आढ्यापर्यंत कापूस भरलेला. भाव येईल म्हणून थांबलेला, जसा त्या वर्षी सगळ्यांच्याच घरात होता. दोन्ही दारांना कुलूप. मागे जायचं तर बाजूच्या बोळातून.

"तारखा सांग," गझाला म्हणाली.

"चार, अकरा आणि पंधरा."

"वेळ?"

"चारला शिफ्ट सुरू होताच. अकराला अडीच. पंधराला पावणेदोन."

"मधल्या दिवशी?"

"सातला आवाज तुटत होता, पण निभावलं. बाकी बरं असतं. दोन दिवस मार खाते आणि मग आपोआप उठून बसते. मोबाइलचं नेट कंपनीला चालत नाही. काय करू मी?"

"रडू नको. आधी पाहू दे."

बैठकीत मोडेमचे सगळे दिवे हिरवे होते. गझालाने आपल्या फोनवर पाहिलं, चारही काड्या. बाहेरून येणाऱ्या वायरीत खोट नव्हती. मग तिने मोडेमवर कोण कोण जोडलंय त्याची यादी काढली. गौरीचा कॉम्प्युटर, गौरीचा फोन. तिसरं कुणी नाही, म्हणजे कुणी चोरूनही वापरत नव्हतं.

"इथं तर मस्त चालते. मंग बैठकीत काहून नाई बसत?"

गौरीने आवाज खाली आणला. "पहिल्या दिवशी बसले होते. मोईनभाईंचा ग्राइंडर सुरू झाला. पुण्याच्या मॅडमनी विचारलं, तुमच्या मागे कारखाना आहे का. समजच दिली. आणि त्यांना बंद ठेवा म्हणायला जायचं कुणी? बाबा त्यांच्याशी बोलतच नाहीत."

बाबा, म्हणजे वामनराव, त्याच क्षणी ओसरीतून आत आले. कापूस खरेदी केंद्रावर तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. ओला कापूस आणला म्हणून भल्याभल्यांच्या गाड्या त्यांनी माघारी पाठवल्या होत्या. सगेसोयरे बघितले नाहीत आणि कुणाचा चहाही घेतला नाही. गावात त्यांना मान होता, प्रेम बेताचंच.

"तपास करून राह्यली का?" ते म्हणाले. "मग शेजारच्या घरापासून कर. तुझ्याच भावाच्या मशीननं लाइन जाते. आज मी ठाण्यात अर्ज देणार आहे."

गझालाला झोंबलं. तरी तिने साधा प्रश्न विचारला.

"काका, लाइन गेलेली तुमी सोता पाह्यली का?"

"पाहायचं काय त्यात? मी ओसरीत असतो. ही मागून ओरडते, 'बाबा, लाइन गेली!' तिकडे त्याची मशीन किर्र करत असते. दोन अन् दोन चार." बोलता बोलता त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. थंडीचे दिवस. पंखा बंद होता आणि पात्यांवर धूळ बसली होती.

गझाला शेजारी गेली. मोईन लोखंडी गेटवर ग्राइंडर फिरवत होता.

"भाईजान, पंधरा तारखेले पावणेदोनले मशीन चालू होती का?"

"पंधराले?" मोईनने बोटांवर मोजलं. "त्या दिवशी जुम्मा होता. एक वाजता शटर पाडलं, अडीचले उघडलं. काहून?"

"काका म्हणतात, तुह्या मशीननं लाइन जाते."

मोईनने ग्राइंडर खाली ठेवला. "मले एकदा येऊन सांगतलं असतं तं मी बंद ठेवलं असतं ना. अर्ज कायले पायजे? पंधरा वर्ष झाले भिंतीले भिंत लागून."

म्हणजे मोईन नव्हता. मग कोण? साडेदहा वाजले होते.

गझाला फोन हातात धरून बोळातून चालू लागली. बैठकीच्या खिडकीपाशी चार काड्या. मधल्या खोलीची भिंत सुरू झाली तशी एक गळली. ती भिंत संपता संपता एकच उरली. चोर मधल्या खोलीत बसला होता एवढं नक्की. पण तिथे कापसाशिवाय होतंच काय? आणि कापूस दिवाळीपासून तिथेच होता. गौरीची नोकरी एक डिसेंबरची. दोन आणि तीन तारखेला त्याच कापसातून इंटरनेट खणखणीत येत होतं.

ती मागच्या अंगाच्या स्वयंपाकघरात शिरली. गौरीची आई, सुचित्राकाकू, अर्ध्या रिकाम्या ड्रममध्ये वाकून बघत होत्या.

"काय झालं वो काकू?"

"ड्रम गळतो की काय कोण जाणे. नळ चौथ्या दिवशी येतो. आज पहाटे आला, मी दोन ड्रम काठोकाठ भरले आणि आंघोळीला गेले. येऊन बघते तर एक अर्धा. मागच्या वेळीही तसंच. चार दिवस कसे काढायचे सांग."

"याच्या आधी नळ कधी आलता?"

सुचित्राकाकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. नळाच्या दिवसांना त्या गोल करत. तीन, सात, अकरा, पंधरा, एकोणीस. आज एकोणीस.

गझाला कॅलेंडरसमोर उभीच राहिली. सात, अकरा, पंधरा, आज. सगळे नळाचे दिवस. फक्त चार तारीख कशातच बसत नव्हती. कॅलेंडरच्या मागे खिळ्याला एक रंगीत कागद टोचलेला होता. दारव्ह्याच्या एका दुकानाचं इन्व्हर्टरचं पत्रक. एका मॉडेलभोवती पेनाने गोल केलेला. हा गोल मात्र काकूंचा नव्हता. पट्टी लावून आखावा तसा नेटका होता.

"हे कोणी आणलं?"

"यांनीच आणलं असेल. मला काही सांगत नाहीत."

मागच्या न्हाणीत, घंगाळाच्या आड, पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप उभा होता. नोझलमधून पाणी ठिबकत होतं. फवारणी कधीच संपली होती, शेतात फवारायला उरलंच काय होतं? गझालाने नोझलवर बोट फिरवलं. बोटाला कापसाचा पांढरा तंतू चिकटला.

"हा खाली कुणी काढला?" सुचित्राकाकू मागून ओरडल्या. "यंदा फवारणीच्या विषानं माणसं गेली म्हणून मी हा माळ्यावर टाकायला लावला होता!"

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. गझालाने सगळ्यांना बैठकीत बोलावलं. मोईनलाही. वामनरावांनी त्याच्याकडे पाठ केली.

"काका, मधल्या खोलीची किल्ली द्या."

"कशाला? उंदीर शिरतील."

"लाइन तिथंच जाते."

"काहीतरीच! तिथे बटनसुद्धा नाही!"

"बाबा, किल्ली द्या," गौरी म्हणाली. "पाया पडते तुमच्या. चाळीस मिनिटं राहिलीत."

वामनरावांचा हात जानव्याकडे गेला. किल्ली तिथेच होती. ती सोडवून त्यांनी कुलूप काढलं.

दार उघडलं आणि ओल्या गोधडीचा वास अंगावर आला. वरून कापूस पांढराशुभ्र होता. गझालाने हात कोपरापर्यंत आत खुपसला आणि बाहेर काढला. मनगट ओलं होतं आणि आतून ऊब लागत होती.

"गौरी, तुहं नेट हवेतून येते," ती म्हणाली. "मोडेमपासून निघते, या खोलीतून जाते अन् मांग पोचते. कोरडा कापूस त्याले काई करत नाई. म्हणून सुरुवातीले चाललं. पण पाणी त्याले पिऊन टाकते. हा दहा फुटांचा ओला ढीग म्हणजे मंधात तलाव भरला समज. ज्या पहाटे नळ येते, त्या पहाटे काकू आंघोळीले गेल्या की कोणीतरी ड्रममधून पंप भरते अन् या ढिगावर मारते. दोन दिवसांनं वरवर सुकते, सिग्नल येते. नळ आला की पुन्हा तेच."

"पण कोण?" गौरीने विचारलं. विचारता विचारताच तिची नजर किल्लीवर गेली.

सुचित्राकाकूही तिकडेच बघू लागल्या.

"वजनासाठी," शेवटी वामनरावच म्हणाले. "अळीनं खाल्लेला कापूस. फुंकर मारली तर उडेल. किती ओल केंद्रावर चालते आणि किती पकडतात, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

"तुम्ही?" सुचित्राकाकू पुढे आल्या. "लोकांच्या गाड्या परत पाठवल्यात तुम्ही!"

"हो. पाठवल्या."

"आता एकच तारीख राह्यली," गझाला म्हणाली. "चार. चारले पंप नव्हता, मंग काय झालतं? गौरी, आठव."

"चारला... लाईट गेली होती. खरोखरची. कॉम्प्युटरच बंद पडला."

"अन् तू काय ओरडली?"

"बाबा, लाइन गेली."

"अकराले?"

"तेव्हा नेट तुटलं. मी म्हटलं, बाबा, लाइन..." गौरी मध्येच थांबली. तिने तोंडावर हात ठेवला.

"हाव. तू नेटची लाइन म्हणत होती. ओसरीत काकांनं विजेची ऐकली. आपल्याकडं दोघींले एकच शब्द. थंडीत ना पंखा चालू, ना दुपारचा बल्ब. लाईट आहे का नाई ते काकाले दिसणार कसं? मले पण सकाळी ते मशीननं लाइन जाते म्हणाले, मी नेटच समजली. ते विजेचं बोलत होते. कॅलेंडरमांगं इन्व्हर्टरचा कागद आहे. काका, गोल तुमीच केला ना?"

वामनराव खाली बसले. कापसाच्या ओल्या ढिगाला पाठ टेकून.

"पोरगी ओरडली की मला हिची नोकरीच जाताना दिसायची," ते म्हणाले. "चौतीस अर्ज केले हिनं. वाटलं, इन्व्हर्टर बसवला की हिची लाइन कधी जाणार नाही. कापूस कोरडा विकून तो येत नव्हता. म्हणून पंप काढला. मग पुन्हा गेली. मी आणखी पाणी मारलं. म्हणजे दर वेळी मीच..."

गौरी रडत होती. रागाने की मायेने, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"अकरा चाळीस," गझाला म्हणाली. "खोली आता रिकामी होत नाई. लांब वायर दारव्ह्याले आहे, आणेपर्यंत शिफ्ट जाईन. कॉम्प्युटर बैठकीत आणा. मोडेमपाशी."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग पलीकडच्या भिंतीकडे. ग्राइंडर. वेल्डिंग. कारखाना.

मोईन दारात उभा होता. तो आपणहून बोलू शकला असता. पण बोलला नाही आणि त्याचं चुकलंही नाही.

वामनराव उठले. धोतराला कापूस चिकटला होता, तो त्यांनी झटकला नाही. खिशातून घडी घातलेला ठाण्याचा अर्ज काढला आणि सगळ्यांसमोर फाडला. मग दारापर्यंत गेले.

"मोईनभाई," ते म्हणाले. उभ्या जन्मात ते त्याला भाई म्हणाले नव्हते. "माझी चूक झाली. चार वाजेपर्यंत... तुमचं काम थांबवाल का? मला मागायचा हक्क नाही."

"काका, गेट उद्या देईन," मोईन म्हणाला. "तुमी टेबलाची ती बाजू धरा, मी ही धरतो."

बाराला दोन मिनिटं कमी असताना गौरीने हेडफोन लावला. शेजारचं शटर खाली आलं. सुचित्राकाकूंनी अंगणात जुनी लुगडी अंथरली आणि गझाला टोपलीने ओला कापूस त्यावर पसरू लागली. सुकल्यावर तो पुन्हा हलका होणार होता. इन्व्हर्टर येणार नव्हता.

वामनरावांनी ओसरीतला बल्ब लावला. भर दुपारी, लख्ख उन्हात. आणि त्याच्याकडे बघत बसले. बल्ब विझला तर आपण काय करणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी चार तास त्यांनी त्यावरून नजर काढली नाही. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

चार वाजून पाच मिनिटांनी गौरी बाहेर आली. हेडफोन गळ्यात तसाच होता.

"नाही गेली, बाबा."

"कोणती?" वामनरावांनी विचारलं.

"दोन्ही."

त्यांनी उठून बल्ब बंद केला आणि मोईनला शटर उघडायला सांगायला गेले.