घंटागाडीचा केक

डब्यात साखर पडली आणि दुपारच्या सामसूम घरात सरसर असा आवाज झाला. डॉ. केतकी मगदूम दचकल्या. स्वतःच ओतत होत्या, तरी दचकल्या. नात शर्वी जन्मल्यापासून या स्वयंपाकघरात तो आवाज झालाच नव्हता. कुणी नियम केला होता असं नाही. लेकराला ज्याची चव कळत नाही ते तिच्यासमोर मिटक्या मारत कसं खायचं, म्हणून त्यांच्या मुलीने, अन्विताने, एके दिवशी साखरेचा डबा रिकामा करून त्यात पोहे भरले, एवढंच.

आता सांगलीतसुद्धा साखर मागितली की दुकानदार ‘मोठ्यांच्या’ कपाटाकडे बोट दाखवायचा. तिथे ती सांधेदुखीच्या मलमाशेजारी मांडलेली असे. बारा वर्षांखालच्या एकाही मुलाला तिचा उपयोग नव्हता. जन्माच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाळाच्या जिभेवर ‘मधुबंद’चे दोन थेंब पडत, आणि त्या बाळाला आयुष्यात कधीही काहीही गोड लागत नसे. अति गोडाने मधुमेह जडलेली, शाळेच्या मधल्या सुट्टीत पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेणारी मुलं त्यामुळे दिसेनाशी झाली. मधुबंद केतकीबाईंच्या प्रयोगशाळेतून आला होता. त्याबद्दल त्यांचे सत्कार झाले, शाली मिळाल्या. त्या शाली कपाटात होत्या.

केकच्या दुकानांनीही यातून आपली वाट काढली होती. मुलांच्या केकला चव उरली नाही, तेव्हा सगळी हौस आकारावर गेली. दुकानदार विचारायचा फक्त, “थीम काय?” मग आत खारं बेसन नि चीज कोंबून बाहेरून हत्ती, किल्ला, अंतराळयान, हवं ते. शर्वीने यंदा पाचव्या वाढदिवसाला घंटागाडी मागितली होती. रोज सकाळी ती गच्चीच्या जाळीला नाक लावून घंटागाडीची वाट बघायची. मोठेपणी ती तीच चालवणार होती. या बाबतीत तिचा निर्णय झालेला होता.

केतकीबाईंनी केक घरी करायचं ठरवलं. बिनअंड्याचे दोन लांबट केक ओव्हनमधून निघाले होते. त्यांचे कप्पे पाडायचे होते. एकात हिरवं खोबरं म्हणजे ओला कचरा, दुसऱ्यात शंकरपाळ्यांचा चुरा म्हणजे सुका. चाकांना बिस्किटं. आणि पुढे वेगळी, चौकोनी, ड्रायव्हरची केबिन. केबिन शर्वी दुसऱ्या कुणाला देणार नाही, याची त्यांना खात्री होती. म्हणून तर त्यांनी केबिन निवडली होती.

दार वाजलं. डॉ. सन्मती चौगुले आत आले. प्रयोगशाळेत त्यांनी केतकीबाईंच्या हाताखाली अर्धं आयुष्य काढलं होतं. आता प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती. हातात बर्फाची छोटी पेटी.

“वास बरा येतोय मॅडम. म्हणजे तुम्ही केलेला नसणार.”

“चौगुले, आत या आणि तोंड बंद ठेवा. आणलंत?”

“आणलंय.” त्यांनी पेटी ओट्यावर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. “सुरक्षिततेच्या चाचण्या झाल्यात. परवानगी नाही मिळालेली. हे मी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ऐकलं.”

“ऐकलं. आता काम कसं करतं ते पुन्हा एकदा सांगा. माझ्या नातीच्या तोंडात जाणार आहे.”

चौगुले स्टुलावर बसले. “जिभेवरच्या पेशींना गोड ओळखणारा एक दरवाजा असतो, गोडग्राही. आपल्या थेंबांनी काय केलं? या पेशी जिथून जन्मतात तिथेच त्या दरवाजाचा नकाशा पुसला. दहा-बारा दिवसांनी नवी पेशी येते, तीही बिनदरवाजाची.”

“हे मला नका सांगू. ते मीच केलंय.”

“तुमचं झालं, आता माझं ऐका. हा उसना ग्राही. आयता दरवाजा. जिभेवर गेला की पेशीच्या भिंतीत जाऊन बसतो आणि गोड आत घेतो. पण पेशीच्या लेखी तो उपरा. ती त्याला मोडून टाकायला लागते. जितके दरवाजे जास्त, तितका मोडायला वेळ. ही अख्खी कुपी एका मुलाने खाल्ली, तर पाच-सहा तास.”

“म्हणजे संध्याकाळी केक कापला की...”

“झोपेत उतरेल. सकाळी तिला वाटेल, स्वप्न पडलं होतं.” चौगुल्यांनी चष्मा पुसला. “ओव्हनमध्ये घालू नका, शिजून वाया जाईल. थंड क्रीममध्ये कालवा. आणि फक्त तिच्याच तुकड्यावर.”

“केबिनवर.”

“कशावर?”

“घंटागाडीच्या केबिनवर. तुम्ही पुढे बोला.”

“पुढे आमची भागूबाई.” भागूबाई म्हणजे प्रयोगशाळेतली मांजर. “मांजरांना मुळातच गोड कळत नाही, म्हणून पहिला प्रयोग तिच्यावर. बासुंदीची वाटी चाटूनपुसून लख्ख केली बयेने. दुसऱ्या दिवसापासून रोज त्या वाटीपाशी जाऊन बसते. चाटते, माझ्याकडे बघते. पुन्हा चाटते, पुन्हा बघते.”

“मांजर आहे ते, चौगुले.”

“तेच म्हणतोय. मुलगी मांजरापेक्षा हुशार असते.” मग म्हणाले, “ज्याची चव कधी घेतलीच नाही, त्याची उणीव भासेल कशी? समितीपुढे तुम्हीच बोलला होतात. त्या एका वाक्यावर मधुबंदला मंजुरी मिळाली, मॅडम. ते वाक्य आजही खरं आहे. शर्वीला काहीही कमी पडत नाहीये. मग हे कशासाठी?”

केतकीबाईंनी भांडं पुढे ओढलं. त्या क्रीम फेटायला लागल्या. चौगुल्यांनी पेटीवरचा हात काढला आणि चप्पल पायात सरकवून निघून गेले.

कशासाठी ते केतकीबाईंना सांगता आलं असतं. पहिल्या चाचण्यांत दर पाचातल्या एका बाळाने चार घोट पिऊन आईचं दूध सोडलं होतं. आईचं दूध गोड असतं, आणि त्या गोडीने बाळ तिथे टिकतं. बाटलीचं मोठ्या धारेचं बोंड लावलं की ही बाळं पोटापुरतं पीत, वजनं वाढत. तेव्हा अहवालात दुष्परिणामांच्या खाली काय लिहायचं यावर चर्चा झाली आणि केतकीबाईंनीच शब्द सुचवला, ‘किरकोळ’. त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्याच घरात अन्विता बाळाला छातीशी धरून बसायची. बाळ दोन घोट घ्यायचं आणि तोंड फिरवायचं. पुन्हा लावायची, पुन्हा फिरवायचं. “माझंच दूध कमी आहे गं आई,” ती म्हणायची. केतकीबाईंनी तिला अळिवाचे लाडू करून घातले, शतावरी दिली, पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, “होतं असं काही जणींचं.” तोंडाशी आलेलं खरं त्या दिवशी गिळलं, आणि मग ते रोज गिळावं लागलं. अन्विता अजूनही दुसऱ्या मुलाचं नाव काढू देत नव्हती. “माझ्याकडून नाही व्हायचं ते,” म्हणायची.

नातीला एक संध्याकाळ परत द्यायची, गुपचूप. कुणाला दुखवायचं नाही, काही कबूल करायचं नाही. कुपीतला थेंबन् थेंब त्यांनी हिरव्या क्रीममध्ये कालवला आणि ते क्रीम केबिनला चारी बाजूंनी लिंपलं.

संध्याकाळी अन्विता ऑफिसातून आली ती सरळ ओट्याशी. मागच्या चाकावरचं क्रीम बोटाने चाटलं आणि थबकली.

“आई, साखर?”

“वाढदिवस आहे.”

“अगं, पण तिला काय त्याचं?” म्हणता म्हणता तिने दुसऱ्यांदा बोट फिरवलं. “किती वर्षांनी! चल, आता मागचं चाक गेलं. टायर पंक्चर म्हणून सांग.”

इमारतीतली पाच मुलं आली. शर्वी नारिंगी जाकीट घालून तयारच होती. टाळ्या झाल्या, केक कापला, आणि केतकीबाईंनी केबिनचा कोपरा मोडून नातीला भरवला.

शर्वी चावता चावता थांबली. डोळे मोठे झाले. तिने तोंडावर हात ठेवला, जणू आतलं काही बाहेर उडून जाईल.

“आजी,” ती हळूच म्हणाली, “माझी जीभ हसतीये.”

केतकीबाईंना क्षणभर समोरचं दिसेना. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांची छाती हलकी झाली. तेवढ्यात शर्वीने उरलेली केबिन दोन्ही हातांत उचलली.

“घंटागाडी आलीऽऽ! टिंग टिंग टिंग! दार उघडा!”

पहिलं दार म्हणजे अर्हम. त्याने तोंड उघडलं, शर्वीने केबिनचा मोठा तुकडा आत टाकला. “पुढचं घर!” मग शेजारची जुळी. मग रुद्राणी.

“शर्वी, अगं, ती तुझी... तू खा ना ती,” केतकीबाई पुढे झाल्या.

“आजी, घंटागाडी एकाच घरी थांबते का? आणि तूच सांगतेस ना, आधी सगळ्यांना भरवायचं!”

सांगितलं होतं. घास हातात आला की आधी दुसऱ्याला, हे त्यांनीच तिला बोट धरून शिकवलं होतं. आता पाच मुलांसमोर, वाढदिवसाच्या दिवशी, काय म्हणायचं? शेवटचं दार झालं. शर्वीच्या तळहातावर हिरवा चुरा उरला, तो तिने चाटून टाकला.

मग गलका झाला. बेसन नि चीजवर वाढलेली ती पोरं आधी एकमेकांकडे बघत राहिली आणि मग त्या गाडीवर तुटून पडली. ओला कप्पा, सुका कप्पा, चाकं, काही राहीना. तास होत आला तरी अर्हम ताटली चाटत विचारत होता, “काकू, यात काय आहे? यात काय आहे?”

अन्विताने आईला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“आई, त्यांना गोड लागतंय. खरं सांग.”

केतकीबाईंनी सांगितलं. दरवाजे, कुपी, चौगुले, सगळं. अन्विता आधी हसली. “तू पण ना आई! परवानगीबिरवानगी काही नाही, आणि दुसऱ्यांच्या पोरांना पण...” ती दारातून बाहेर बघू लागली. शर्वी दोन्ही हातांनी केक तोंडात कोंबत होती. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, सगळं अंग त्या घासात गेलेलं.

अन्विताचं हसू हळूहळू उतरलं.

“तशी ती माझ्याकडे कधीच प्यायली नाही,” ती म्हणाली. मग आईकडे वळली. “दूध गोड असतं ना गं, आई?”

“अन्विता...”

“मी चाखलं होतं एकदा. काही खराब आहे का बघायला.” तिचा आवाज अगदी साधा होता. “तुला माहीत होतं?”

“पाचातल्या एका बाळाचं तसं होतं, म्हणून आम्ही...”

“तू मला लाडू करून घालत होतीस.”

अन्विता रडली नाही, ओरडली नाही. हात छातीशी घट्ट बांधून ती नुसती उभी राहिली. केतकीबाईंना वाटलं, हिने काहीतरी फेकावं, भांडं आपटावं.

बाहेरचा गलका अचानक थांबला.

जुळ्यांपैकी एकीने घास ताटलीत काढून ठेवला. “ते गेलं,” ती म्हणाली. रुद्राणीने आणखी एक तुकडा तोंडात घालून पाहिला, मग आणखी एक, आणि भोकाड पसरलं. अर्हम जीभ बाहेर काढून बोटाने घासत होता. केक कापून तासच झाला होता, घड्याळात साडेसहासुद्धा झाले नव्हते. एका मुलासाठी मोजलेली कुपी, तिचे सहा वाटे. हिशोब केतकीबाईंच्या डोक्यात आपोआप झाला. झोपेत उतरायचं ते मुलांच्या तोंडात घास असताना उतरलं होतं. देशातल्या एवढ्या मुलांत हीच सहा जणं आता अशी होती, की त्यांना आपल्याकडे काय नाही ते ठाऊक होतं.

शर्वी ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. ती रडत नव्हती. आजीसमोर उभी राहून तिने शिल्लक क्रीममध्ये बोट बुडवलं, चाटलं, आणि आजीकडे बघितलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चाटलं. अन्विता तिला उचलायला वाकली, पण शर्वीने मान हलवली. तिला जे विचारायचं होतं ते आजीलाच विचारायचं होतं. नारिंगी जाकिटाला हात पुसून तिने विचारलं,

“आजी, मी सगळ्यांना भरवलं, म्हणून ते संपलं का?”