डावीकडे कलणारं विमान

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले होते आणि बोईसरच्या बाजारात भर दुपारी ऊन असं पडलं होतं की सावलीसुद्धा भिंतीला चिकटून उभी. एकनाथ पहिल्या पाळीतून सुटून आपल्या मित्राच्या, सुकाच्या, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसला होता. सुका जेवायला घरी गेला होता. "कोणी आलं तर बसवून ठेव," एवढंच तो सांगून गेला होता.

आणि कोणी तरी आलं.

वरच्या मजल्यावरून जिन्याच्या पायऱ्या दडदड वाजल्या आणि एक मुलगी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. मोरपंखी ओढणी, कपाळावर घामाचे बारीक थेंब, आणि हातात एक काळा दांडा. दांड्याला खाली चौकोनी बैठक आणि बैठकीतून लोंबणारी वायर.

"मेकॅनिक तुम्हीच ना?" तिनं विचारलं. "हे बघा हो जरा. विमान सारखं डावीकडे पडतंय."

एकनाथ खरं तर कारखान्यात काटे-मीटर दुरुस्त करणारा साधा कामगार. राहायला शेजारच्या कुंभवलीत. आपण मेकॅनिक नाही, दुकान आपलं नाही, मेकॅनिक अर्ध्या तासात येईल – ही तीन सरळ वाक्यं त्याच्या जिभेवर तयार होती. पण ती मुलगी त्याच्याकडे इतक्या भरवशानं बघत होती, की तिन्ही वाक्यं त्यानं गिळून टाकली.

"बघतो," तो म्हणाला.

तिचं नाव हंसा. शिरगावच्या कोळ्यांची पोर. पालघरच्या कॉलेजातून पदवी घेऊन आता वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. क्लास मारुती सरांचा. मुलं यावीत म्हणून सरांनी मुंबईहून विमान चालवायचा एक प्रोग्रॅम आणि हा दांडा आणला होता, आणि खाली पाटी लावली होती – 'संगणक शिका, विमान उडवा.' विमान मात्र उडेना. म्हणजे उडायचं, पण दांडा धड धरला तरी डावीकडे कलायचं आणि हिरव्या जमिनीत नाक खुपसायचं. दांड्याला त्याची डावी-उजवी आणि मधली जागा शिकवावी लागे. चारी कोपऱ्यांना नेऊन, मध्ये आणून, बटण दाबून. शिकवलं की विमान शहाण्यासारखं उडे. पण मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, की दांडा सगळं विसरून कोरा. आणि बोईसरची वीज तर दिवसातून चार वेळा जायची.

"दसऱ्याआधी असं नव्हतं," हंसा म्हणाली. "एकदा शिकवलं की लक्षात ठेवायचा."

एकनाथनं वर जाऊन दांडा उघडला. आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट पुसले, स्प्रिंग पाहिली, वायर तपासली. सगळं ठणठणीत. दांडा पुन्हा बंद करून त्यानं मान हलवली आणि उद्या येऊन बघतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी साडेतीनला तो आला. तिसऱ्या दिवशीही आला.

सुकाला अर्थात कळलंच. माझं गिऱ्हाईक पळवलंस, असं तो म्हणाला, आणि मग बराच वेळ हसत बसला.

दांडा शिकवायचं काम दोघं मिळून करायची. हंसा पडद्यावर काय लिहून येतंय ते वाचून सांगायची आणि एकनाथ दांडा हलवायचा.

"डावीकडे. अजून... पूर्ण डावीकडे."

"हे काय, टेकला की."

"आता उजवीकडे. घाबरताय कशाला, मोडणार नाही तो."

"मोडला तर तुमचे सर मला मोडतील."

मग दांडा मध्ये आणायचा. हे सगळ्यात अवघड. एकनाथच्या हातून तो मध्ये येता येता केसभर इकडे नाही तर तिकडे जायचा. एकदा हंसानं न राहवून त्याच्या मुठीवर दोन बोटं ठेवली आणि दांडा सरळ केला. "असा," ती म्हणाली. एवढंच. बोटं लगेच निघाली. त्या दिवशी कुंभवलीला जाताना एकनाथ सायकलवरून दोनदा आपलं वळण चुकला.

विमान उडायला लागलं की हंसा खुर्ची पुढे ओढायची. खालची जमीन कुठल्या देशाची होती कोण जाणे, पण तिनं तिला आपली नावं दिली होती. निळा पट्टा म्हणजे शिरगावचा समुद्र. करडा ठोकळा म्हणजे किल्ला. तिच्या बाबांची होडी होती आणि लहानपणापासून तिला सुकाणू धरायचं होतं. बाबा धरू देत नसत. इथं धरते, ती सांगायची. एकनाथ ऐकत राहायचा. त्याला बोलायला फारसं यायचं नाही. बिघाडाबद्दल विचारलं तर तो तासभर बोलला असता. बिघाड सोडून कशावर बोलायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

बुधवारी तो जरा लवकर आला आणि मागच्या बाकावर बसला. हंसा मुलांना फ्लॉपी दाखवत होती. त्या वेळची ती मोठी, पातळ, हातात वाकणारी फ्लॉपी. तिच्या कडेला ही छोटी खाच बघा, ती सांगत होती. खाच उघडी असेल तर मशीन फ्लॉपीवर लिहू शकतं. खाचेवर कागद चिकटवला की फक्त वाचू शकतं, लिहू शकत नाही. मशीनच्या पोटात स्वतःची आठवण नाही, जे काय राहतं ते फ्लॉपीत.

गुरुवारी वीज गेली, आली, विमान पडलं, आणि हंसा पाणी प्यायला बाहेर गेली. एकनाथनं सहज म्हणून विमानाची फ्लॉपी बाहेर काढली.

दसऱ्याला मारुती सरांनी क्लासची पूजा केली होती. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डला हळदकुंकू, आणि विमानाच्या फ्लॉपीवर गणपतीचा एक चकचकीत स्टिकर. मधोमध प्रोग्रॅमचं नाव होतं, म्हणून त्यांनी गणपती कडेला बसवला होता. बरोबर खाचेवर.

एकनाथ बघतच राहिला. हंसा रोज फ्लॉपी आत घालताना त्या गणपतीला नमस्कार करायची. चिकटपट्टी असती तर तिला पहिल्याच दिवशी दिसली असती. पण देवाकडे कोण चिकटपट्टी म्हणून बघणार? मशीन बिचारं दांड्याची जागा लिहायला जायचं आणि गणपतीपाशी अडून परत यायचं. कुठं बोलायचंही नाही.

बाहेर माठावर पेला ठेवल्याचा आवाज झाला. आता ती आत येणार, आणि आपण सांगणार. ती स्टिकर काढणार. विमान उडणार. आणि मग... मग उद्या साडेतीनला कुंभवलीचा एकनाथ या जिन्यानं कशासाठी चढणार?

त्यानं फ्लॉपी हळूच परत आत सरकवली.

"काही कळलं?" हंसानं विचारलं.

"अजून नाय," एकनाथ म्हणाला, आणि त्याचे कान तापले.

पुढचे आठ दिवस फार चांगले गेले. म्हणजे विमान रोज पडत होतं आणि रोज दोघं मिळून त्याला उचलत होती. हंसानं त्याला डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी दिली. त्यानं कुंभवलीच्या झाडाचे पेरू आणले. ती म्हणाली, इतका शांत मेकॅनिक मी पाहिला नाही, बिघाड तुमच्याशी बोलायलाच घाबरत असेल. तो रात्री घरी उताणा पडून या वाक्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते शोधत राहिला.

शुक्रवारी जिना चढताना त्याला वरून मारुती सरांचा आवाज ऐकू आला आणि तो मधल्या पायरीवर थांबला. सर ओरडत नव्हते, त्यामुळे ते जास्त वाईट वाटत होतं. ते सांगत होते की उद्या कॉलनीतले पालक बघायला येणार आहेत. की दसऱ्यापासून मशीन बिघडलंय आणि दसऱ्यापासून ते हंसाच्याच हातात आहे. की मुलींच्या हाताला मशीन सोसत नाही असं त्यांना आधीच कोणीतरी म्हटलं होतं. उद्या विमान पडलं तर दिवाळीनंतर क्लास त्यांचा पुतण्या बघेल. हंसानं टायपिंग शिकवावं.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

सर खाली उतरले, एकनाथला पाहून मान हलवून निघून गेले. एकनाथ वर गेला. ती खिडकीशी पाठमोरी उभी होती. आता नाही बोललो तर आपण कोणीच नाही, हे त्याला पक्कं कळलं. त्यानं फ्लॉपी काढून तिच्यापुढे टेबलावर ठेवली आणि गणपतीवर बोट टेकवलं.

"खाच," तो म्हणाला.

हंसानं पाहिलं. मग तिनं कपाळावर हात मारला. मीच शिकवते मुलांना, मीच... असं काहीतरी पुटपुटत ती हसायला लागली. नखानं अलगद तिनं गणपती सोडवला आणि वर, दुसऱ्या कोपऱ्यात नीट बसवला. दांडा शिकवला. मशीन बंद केलं. चालू केलं. विमान सरळ, निळ्या पट्ट्यावरून, किल्ल्याच्या डोक्यावरून निघालं. तिनं पुन्हा बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा सरळ.

"कसं सापडलं तुम्हाला? आत्ता?"

इथं एकनाथला खोटं बोलता आलं असतं. ते सोपंही होतं.

"मागच्या गुरुवारी," तो म्हणाला.

तिचं हसू थांबलं. "आठ दिवस?"

"हो."

"आठ दिवस मी सरांची बोलणी खातेय."

"ते मला आज कळलं. जिन्यात."

"आणि कळलं नसतं तर?"

एकनाथनं खूप विचार केला. "तर अजून आठ दिवस आलो असतो," तो खाली बघून म्हणाला. "मला इथं यायला दुसरं काय काम होतं?"

पंखा कुरकुरत होता. हंसानं फ्लॉपी कागदी पाकिटात घातली, पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवर बंद केला. ती रागावली होती, आणि तिचा राग शांत होता.

"काम असल्याशिवाय तुम्हाला कोणाकडे जाता येत नाही का?"

"नाय," एकनाथ म्हणाला. ते खरंच होतं.

"मग इथं आता तुमचं काही काम नाही. उद्याही येऊ नका." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "माझ्यासाठी कोणी यायचं असेल, तर त्यानं माझ्यासाठी यावं. दांड्यासाठी नाही."

शनिवारी एकनाथ गेला नाही. संध्याकाळी सुकानंच कुंभवलीला येऊन सांगितलं की पालकांसमोर वीज दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा विमान काही झालंच नाही अशा थाटात उठलं. एका बाईंनी स्वतः चालवून पाहिलं. मारुती सर आता टायपिंगचं नाव काढत नव्हते. हंसानं आपलं नाव काढलं का, हे मात्र सुकानं सांगितलं नाही, आणि एकनाथला विचारायचा धीर झाला नाही.

रविवारी सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. रेल्वेनं पालघरला उतरून शिरगावची एसटी धरली. गाडीत त्यानं बरीच कारणं जमवून पाहिली – किल्ला बघायला आलो, मासळी घ्यायला आलो, इथं एक नातेवाईक आहेत... शिरगाव आलं तेव्हा प्रत्येक कारण खिडकीतून बाहेर टाकून झालं होतं.

हंसाचं घर विचारत विचारत तो पोचला. अंगणात बांबूंवर दोऱ्या ताणल्या होत्या आणि पलीकडे हंसा ओले बोंबील दोरीवर टाकत होती. पदर खोचलेली, कोपरापर्यंत हात ओले. तिनं त्याला पाहिलं. पाहिलं आणि काम चालू ठेवलं.

ओटीवर तिची आई, साखरबाई, जाळ्याची भोकं शिवत बसली होती.

"कोन रं तू? काय काम काढलंस?"

"मी एकनाथ. बोईसरहून..."

"म्हंजे तो मेकॅनिक," साखरबाईंचा चेहरा उजळला. "हंसी बोलली व्हती, येक मेकॅनिक हाय, लय गुनी. बरा आलास बाबा. आमचा रेडिओ गनपतीपासून मुका झालाय. धनी होडीवर जातात, वाऱ्याची बातमी कलत नाय." आणि एकनाथ काही बोलायच्या आत तिनं आतून रेडिओ आणून त्याच्या मांडीवर ठेवलासुद्धा. "त्यासाटीच आलास ना?"

मागचं झाकण ढिलंच होतं. आतली एक वायर सुटलेली त्याला वरूनच दिसली. पाच मिनिटांचं काम. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मग चहा आला असता, कौतुक झालं असतं, पुढच्या रविवारी पुन्हा 'रेडिओ बरा चालतो ना' म्हणून येता आलं असतं. असं कितीतरी महिने.

दोऱ्यांपलीकडचे हात थांबले होते.

एकनाथनं रेडिओ मांडीवरून उचलून ओटीवर ठेवला.

"रेडिओ बघतो, मावशी," तो म्हणाला. "पण रेडिओसाठी नाय आलो. हंसाला भेटायला आलो. काम काय नाय."

साखरबाईंची सुई जाळ्यात राहिली. तिनं आधी त्याच्या शर्टाकडे पाहिलं, मग चपलांकडे, मग दोऱ्यांपलीकडे.

"कामाबिगर?"

"हो."

"येवढ्या उनात?"

"हो."

"हंसे," साखरबाईंनी मान न वळवता हाक मारली, "हा काय बोलतो त्ये आयकलास का?"

"आयकला गं आये," हंसा म्हणाली. क्लासमध्ये कधी न ऐकलेला तिचा घरचा आवाज. तो ऐकून एकनाथला वाटलं, आपण आत्ता कुठे हिला भेटतोय.

साखरबाईंनी मान वळवून त्याला पुन्हा एकदा निरखलं. तिचा धनी किनाऱ्यावरून आला की त्याच्या कानावर घालावं लागणार होतं, पोराचं घरदार विचारावं लागणार होतं, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून जाताना दिसलं. मग तिनं सुई पुन्हा उचलली.

"काम नाय ना तुला? मंग जा. तिला बोंबील लावायला हात दे. बसून काय करशील."

एकनाथ इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडत दोऱ्यांकडे गेला. टोपलीतून त्यानं एक बोंबील उचलून दोरीवर टाकला. तो सुळकन खाली पडला.

"एकेकटा नाय राहत," हंसा म्हणाली. ती हसत नव्हती, पण ओठांचा एक कोपरा तिच्या ताब्यात नव्हता. तिनं दोन बोंबील घेतले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली – एक अलीकडे, एक पलीकडे. "असा. आता लाव बघू तू."

त्यानं लावली. पहिली जोडी सुटली, दुसरी वाकडी बसली. तिसरी धरून राहिली. समुद्रावरून वारा आला, सगळ्या दोऱ्या एकदम हलल्या, पण ती काही पडली नाही.