नकाशाची कापलेली पट्टी

यंत्राने सांगितलं ते खरं होतं. नकाशात काढलं होतं तेही खरं होतं. आणि तरीही भाद्रपदातल्या धुक्यात वेदूमामाची गाडी कड्यावरून खाली गेली. हे कोडं बारा वर्षांच्या शलाकाच्या डोक्यात पंधरा दिवस ठाण मांडून बसलं होतं. ते सुटलंच नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे वाटलं. पण आपल्याला काय बरं वाटेल याच्याशी कोड्यांना काही देणंघेणं नसतं.

ही २०५३ सालची गोष्ट. घाटातले रस्ते दरडींखाली इतक्यांदा गेले होते की ते पुन्हा बांधायचा नाद सगळ्यांनीच सोडला होता. शलाकाच्या गावाहून तांबटवाडीला जायचं तर धुपेश्वराचा सडा (कातळाचं उघडंबोडकं पठार) ओलांडायचा, एवढाच मार्ग उरला होता. बावीस किलोमीटर नुसतं रान. कुठे कातळ, कुठे गुडघाभर चिखल आणि दक्षिणेला सरळसोट कडा. ड्रोन पाठवून झाले होते, सड्यावरच्या वाऱ्याने ते सगळे दरीत नेऊन टाकले. म्हणून वाडीतल्या एकतीस माणसांची औषधं सहा चाकांच्या विजेच्या गाडीतून जायची आणि ती गाडी शलाकाचा मामा चालवायचा. आता मामा नव्हता. तालुक्याहून दुसरी गाडी आली होती आणि उद्या ती शलाकाची आई चालवणार होती. वाडीतल्या चौघांचं इन्सुलिन परवा संपत होतं, तेव्हा थांबायची सोय नव्हती.

वाट दाखवायला सोबत काय न्यायचं, यावर सगळं अडलं होतं. आईने टेबलावर तीन वस्तू मांडल्या होत्या. पहिला मोबाइल. त्याला जागा कळते, पण त्याचा नकाशा टॉवरकडून येतो, आणि सड्यावर टॉवर औषधालाही नाही. दुसरं तालुक्याच्या गाडीसोबत आलेलं नवंकोरं यंत्र. त्याच्या पोटात अख्ख्या देशाचा नकाशा होता, पण धुपेश्वराच्या सड्याच्या जागी नुसता तपकिरी डाग. शहरात बसून नकाशे करणाऱ्यांना सडा म्हणजे काहीच नसलेली जागा वाटते. तिसरा होता मामाचा वाटाड्या, म्हणजे त्याच्या गाडीतलं वाट दाखवणारं यंत्र. दरीतून वर आणलेला. त्याची काच तडकली होती, पण बटण दाबलं की तो अजूनही शांतपणे सांगायचा, "स्थान निश्चित. चूक तीन मीटरच्या आत." ते ऐकलं की आई खोलीतून उठून जायची.

वाटाड्यात आजोबांचा नकाशा होता. आजोबा, म्हणजे आईचे आणि मामाचे वडील, भूमापनशास्त्रज्ञ (जमीन मोजून तिचे नकाशे करणारे). तरुणपणी आपल्या गुरुजींकडून मिळालेला जुना कागदी नकाशा घेऊन ते अकरा वर्षं हा सडा पायी फिरले होते. म्हातारीचं पाणी, घोरपडीचा दगड, गव्यांची उतरण, अशी जी नावं फक्त गावाला ठाऊक होती, ती सगळी त्यांनी त्यावर चढवली. गावाचा त्या नकाशावर जीव. म्हणून मामाने यंत्रातला विकतचा नकाशा काढून टाकला आणि शलाकाला सांगितलं, आजोबांचा चढव. तिने नकाशाचा फोटो काढला, त्याच्या चार कोपऱ्यांवर लिहिलेले जागेचे आकडे भरले आणि तो यंत्रात घातला. दुसऱ्याच दिवशी धुकं होतं.

नंतर गावची सभा भरली. म्हाताऱ्याचा नकाशाच चुकीचा, असं सरपंच म्हणाले. आजोबांनी मान खाली घालून एवढंच म्हटलं की दोष माझा. तेव्हापासून ते ओट्यावर सड्याकडे तोंड करून बसायचे, जेवायला हाक मारली तर जेवायचे, बोलायचे नाहीत.

आई टेबलापाशी सुन्न बसली होती. शलाकाने वाटाड्याला विचारलं, तुला जागा कळते तरी कशी? यंत्रच ते, त्याला ना लाज ना दुःख. त्याने नीट समजावून सांगितलं. आकाशात उपग्रह फिरतात आणि प्रत्येक जण सतत ओरडत असतो, मी इथे आहे आणि आता इतके वाजलेत. तो संदेश खाली पोचायला क्षणाचा बारीकसा तुकडा लागतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला हे मोजून ती किती लांब पडली ते आपण सांगतो ना, तसंच. वेळेवरून अंतर. एका उपग्रहाचं अंतर कळलं तर आपण त्याच्याभोवतीच्या एका मोठ्या गोलावर कुठेतरी असतो. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने शक्यता कमी होत जातात. चौथा लागतो तो यंत्राच्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला. मग अक्षांश (विषुववृत्तापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला) आणि रेखांश (ठरलेल्या उभ्या रेषेपासून किती पूर्वेला किंवा पश्चिमेला) मिळतात.

"त्या दिवशी किती उपग्रह होते?" शलाकाने विचारलं.

"अकरा. स्थान निश्चित होतं. गाडी शेवटपर्यंत नकाशातल्या वाटेवर होती."

आई उठली आणि दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभी राहिली. त्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या रेघा होत्या. तिथेच मामाची रेघ होती, आजोबांच्या अक्षरात, वेदू, बारा वर्षं, १४८. दिवाळीपासून शलाका त्या रेघेच्या दोन बोटं वर गेली होती आणि मामाला चिडवून तिने त्याचा जीव नकोसा केला होता. आज काहीतरी करायचं म्हणून तिने टेप आणला आणि ती रेघ जमिनीपासून मोजली. एकशे एक्केचाळीस. पुन्हा मोजली, तेवढीच. आजोबा मापात सात सेंटीमीटर चुकतील, हे होणं शक्य नव्हतं.

"फरशी नंतर घातली," आई न वळता म्हणाली. "तेव्हा जमीन खाली होती."

शलाका टेप हातात धरून तशीच उभी राहिली. रेघ खरी होती. टेपही खरा होता. मोजायला सुरुवात कुठून केली, तेवढंच वेगळं होतं.

ती आजोबांच्या ट्रंकेपाशी धावली आणि तिने मूळ कागद उलगडला. नकाशाच्या चौकटीखाली चार बोटं रुंदीची पट्टी होती, मुंगीएवढ्या अक्षरांची. तिच्यात लिहिलं होतं की या नकाशातले अक्षांश-रेखांश जुन्या मापनपायावरचे, म्हणजे जुन्या सुरुवातीपासून मोजलेले, आहेत. ही पट्टी यंत्रात नव्हती. फोटो स्क्रीनवर मावत नव्हता, खालची अक्षरं उगाच गिचमिड दिसत होती, म्हणून ती कापून टाकली होती. कुणी कापली होती, हे शलाकाला कुणी सांगायला नको होतं.

ती कागद घेऊन ओट्यावर गेली.

"आजोबा, ही पट्टी मी कापली होती."

आजोबांनी सड्यावरची नजर काढली नाही. "व्हय. कळलं होतं मला. पहिल्याच दिवशी."

"मग सभेत का नाही सांगितलंत?"

"एक गेला होता. दुसऱ्याला कशाला ढकलायचं?"

शलाका रडली. तुझी काही चूक नाही, असं आजोबा म्हणतील, याची ती वाट बघत होती. ते तसं म्हणाले नाहीत. ते खोटं झालं असतं, आणि आयुष्यात त्यांनी खोटं माप कधी लिहिलं नव्हतं.

"चूक तुझी, आणि माझीबी," ते म्हणाले. "तू कापलीस. मी नकाशा देताना ती वाचून दाखवली न्हाई. वाटलं, एवढं तर सगळ्यांना ठाऊक असतं. आता कागद-पेन्सिल आण. तुझ्या आईला उद्या जायचंय."

पंधरा दिवसांनी आजोबा बोलू लागले, पण ते फक्त आकड्यांबद्दल. त्यांनी सांगितलं ते असं. पृथ्वी चेंडूसारखी अगदी गोल नाही. ती जराशी चपटी आहे, शिवाय खडबडीत. हिशोब करता यावा म्हणून तिचा एक गुळगुळीत आकार मानून घ्यावा लागतो. तोच मापनपाया (पृथ्वीचा मानलेला आकार, ज्यावरून अक्षांश-रेखांश मोजतात). दोन शतकांपूर्वी मोजणीदारांनी साखळ्या ओढत आपल्या देशापुरता जुळणारा आकार ठरवला. उपग्रह पृथ्वीच्या केंद्राभोवती फिरतात, त्यांना अख्ख्या पृथ्वीला जुळणारा आकार लागतो. दोन फरश्या झाल्या म्हणायच्या. एकाच जागेला दोन वेगवेगळे आकडे, दोन्ही खरे. जुने आकडे नवे समजून वापरले, तर या भागात सगळा नकाशा आग्नेयेला सरकतो. साधारण एकशे पस्तीस मीटर.

"आणि वाटेपासून कडा किती?"

"तिथं? शंभर," आजोबा म्हणाले.

शलाकाने आईला सगळं सांगितलं, पट्टीसकट. आईने बराच वेळ तिच्याकडे पाहिलंच नाही. मग ती म्हणाली, "नवे आकडे बरोबर आहेत ना, तेवढं सांग." तिने शलाकाला जवळ घेतलं नाही, पण टेबलावरून वाटाड्या उचलला.

नुसत्या कागदी हिशोबावर कुणाला पाठवायचं नाही, असं आजोबांनी बजावलं. उजेड होता तोवर ते तिघं गावात फिरले. विहिरीपाशी उभं राहिल्यावर वाटाड्यावरचा आपल्या जागेचा ठिपका नकाशातल्या विहिरीवर नव्हता, वायव्येच्या उसात होता. शलाकाने नकाशा एकशे आठ मीटर उत्तरेला आणि एक्याऐंशी मीटर पश्चिमेला सरकवला. ठिपका विहिरीवर आला. दीपमाळेपाशी दीपमाळेवर आला, शाळेच्या फाटकाशी फाटकावर. विहिरीपाशी मोजायला पाच मिनिटंही लागली नव्हती. ही पाच मिनिटं पंधरा दिवसांपूर्वी कुणी काढली असती तर, हा विचार तिघांच्याही मनात आला.

वाटाड्याचा अँटेना आईने गाडीच्या टपावर बसवला, कारण पत्र्याखाली उपग्रह नीट ऐकू येत नाहीत. तोच दुरुस्त नकाशा मोबाइलमध्येही घातला, म्हणजे टॉवर नसला तरी चालेल आणि एक यंत्र बंद पडलं तर दुसरं राहील. कागदी नकाशा पट्टीसकट घेतला, आणि होकायंत्र.

सकाळी आठला गाडी धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. शलाका आणि आजोबा ओट्यावर बसून राहिले. खबर येण्याचा काही मार्गच नव्हता. दुपार झाली, भात तसाच राहिला. आपल्याला आकडे मुळात कळलेच नसतील, उत्तर-दक्षिण उलटी झाली असेल, असं तिला दर थोड्या वेळाने वाटायचं. आजोबांनाही तेच वाटत असणार, कारण ते बोटांवर पुन्हा पुन्हा काहीतरी मोजत होते.

सव्वाचारला गाडी आली. आई उतरली आणि ओट्याच्या पायरीवर बसली. औषधं पोचली होती. तिने वाटाड्या शलाकाच्या हातात दिला. त्याच्या काचेवर गाडीच्या आजच्या प्रवासाची रेघ नकाशातल्या वाटेवरून सरळ गेली होती. तिच्या शेजारून मामाची जुनी रेघ जात होती आणि एका जागी संपत होती. दोन रेघांमध्ये शलाकाची करंगळीही मावली नसती.

"तिथं मी थांबले होते," आई म्हणाली. "पांढऱ्या भिंतीत उभं असल्यासारखं. काही दिसत नव्हतं. ठिपका वाटेवर होता, म्हणून पुढे गेले."

आजोबांनी तो नकाशा सडा ओलांडणाऱ्या सगळ्या गाड्यांना द्यायचा ठरवला. मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ शलाकाने सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहिली, आणि तिच्याखाली, आधी विहिरीपाशी उभं राहून ठिपका बघा. या ओळीने मामा परत येणार नव्हता. ते तिला चांगलं माहीत होतं.

मग ती चौकटीपाशी गेली. मामाच्या रेघेशेजारी तिने बारीक अक्षरात लिहिलं, जुन्या जमिनीपासून. आईने तिला उभं केलं, डोक्यावर पट्टी धरली आणि रेघ मारली. नव्या फरशीपासून, १४३. म्हणजे ती मामाच्या पुढे कधी गेलीच नव्हती, आणि दिवाळीपासून चिडवत होती ते सगळं फुकट होतं. मामाएवढं व्हायला अजून पाच सेंटीमीटर होते.