अंगठ्याखालचा श्वास

मोहन्यातल्या त्या चाळीत रविवारी सकाळी कुणाकडे मटण शिजायचं, कुणाकडे भांडण. रत्नदीपच्या घरी मात्र बाबांची मोटारसायकल सुरू केली जायची. त्याचे बाबा, सखाराम, अंथरुणाला खिळल्यापासून हा नेमच पडला होता. आयुष्यभर गॅरेज चालवलेला माणूस. आता नाकात ऑक्सिजनची नळी आणि तोंडात लवंग. पण खिडकीबाहेर इंजिन धडधडलं की चेहरा खुलायचा. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबांना अजून थोडे दिवस मिळावेत, एवढंच रत्नदीपला हवं होतं.

त्या रविवारी किक मारून मारून त्याचा पाय भरून आला, तरी इंजिन ढिम्म.

"प्लग काढून बघ रे," आतून बाबांचा खोल गेलेला आवाज आला. "हवा ओढतंय का, दाबतंय का."

लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. पिस्टन खाली येतो, पेट्रोल मिसळलेली हवा आत ओढतो. वर जातो, ती दाबतो. प्लगची ठिणगी पडते आणि भडका त्याला जोरात खाली ढकलतो. गाडी पळते ती तेवढ्या एका धक्क्यावर. मग तो वर येऊन जळका धूर बाहेर घालवतो. "चार स्ट्रोक झाले, की परत पहिला," बाबा म्हणायचे.

रत्नदीपने प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि किक मारली. अंगठा आत ओढला गेला, मग फटकन उडाला. दाब चांगला होता. त्याने किकवरून पाय काढला आणि अंगठा सहज पुन्हा तिथे टेकवला.

अंगठा ओढला गेला.

त्याने मोबाइलचा उजेड भोकात पाडला. पिस्टन जागच्या जागी होता. आत हवा कोंडली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. तेवढ्यात ऊन ऊन झोत गालाला लागला. त्याला पेट्रोलचा वास नव्हता. लवंगेचा होता.

खिडकीतून बाबांची घरघर ऐकू येत होती. आत, बाहेर. भोकातली हवाही तशीच, त्याच लयीत. काहीतरीच काय, म्हणत त्याने अंगठा घट्ट दाबून धरला.

"अहो," त्याची बायको वैशाली आतून म्हणाली, "बाबांचा श्वास अडकलाय."

त्याने अंगठा काढला.

"आला, आला."

हात पाठीमागे धरून रत्नदीप उभा राहिला. त्या भोकाजवळ आता माशीसुद्धा फिरकू नये, असं त्याला वाटत होतं.

भोकातून श्वास बाहेर आला. लांब. येतच राहिला.

मग थांबला.

घरातली ऑक्सिजन मशीनची घरघर बंद झाली. वैशाली दारात आली.

"बाबा गेले," ती म्हणाली.

रत्नदीप मटकन खाली बसला आणि रडू लागला. त्याला सावरायला ती गाडीजवळ वाकली.

तिच्या ओढणीचं टोक हललं. वारा नव्हता. ते सावकाश उचललं गेलं, भोकाला चिकटलं आणि आत जाऊ लागलं.